घरात माणसं तीन, गाडीला सीटा दोन

मी कळंबच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. घर ढोकीच्या रस्त्यावरच्या एका गावात, शाळेपासून सोळा किलोमीटरवर. हे अंतर मी पंचवीस वर्षं कधी एसटीनं, कधी काळी-पिवळीनं कापलं. काळी-पिवळी म्हणजे आमच्याकडची जीप, जिच्यात शेवटचा माणूस बसला असं कधी होत नाही. पुढच्या फाट्यावर अजून एक उभा असतोच, आणि तो दार उघडून म्हणतो, "बाई, जरा सरका." सरकायला जागा नसली तरी सरकावं लागतं. सहामाहीचे पेपर मी परक्या बायकांच्या पिशव्या मांडीवर घेऊन तपासलेले आहेत.

गेल्या वर्षी माझा नवरा साखर कारखान्यातून निवृत्त झाला. तिथं तो फिटर होता. पन्नाशीत मी कळंबच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून लायसन काढलं होतं आणि ते कपाटात साडीखाली पडून होतं. नवऱ्याला ट्रॅक्टर येतो, पण कारचं स्टिअरिंगही तो ट्रॅक्टरचंच समजून फिरवतो, तेव्हा चालवणार मी, हे ठरलेलं. गाडी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी, म्हणजे हायब्रिड घ्यायची, हेही ठरलं. नुसती बॅटरीवरची घ्या असं मी एकदा म्हणाले, तर तो म्हणाला, "विहिरीवरच्या मोटारीला लाईट मिळंना, तुझ्या गाडीला कुठून आणू?"

इथपर्यंत आमचं जमलं. पुढं फाटलं.

त्याला हवी होती सेडान. पाच सीटा, मोठी डिकी, लांबलचक बोनेट. "डिकीत ज्वारीचं पोतं मावलं पाहिजे," हे त्याचं एकच वाक्य दिवसातून चार वेळा कानावर यायचं. लग्नकार्य, पाहुणेरावळे, आईला दवाखान्यात न्यायचं, सगळं त्या वाक्यात आलं असं तो धरून चालायचा.

मला मात्र आमच्या चित्रकलेच्या सरांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला होता. सोलापूरचे एक म्हातारे डॉक्टर, पूर्वी इंग्लंडला होते, तिथून येताना त्यांनी स्वतःची छोटी हायब्रिड गाडी सोबत आणली होती आणि आता ती विकायची होती. चंदेरी रंग, मागचं चाक अर्धं झाकलेलं, आणि सीटा फक्त दोन. मी तो फोटो स्टाफरूममध्ये तीनदा पाहिला. जिच्यात कुणी मला सरका म्हणूच शकणार नाही अशी गाडी जगात आहे, हे मला माहीतच नव्हतं.

"दोन सीटा," नवरा म्हणाला. "आपण घरात माणसं किती?"

"तीन."

"मग?"

"वर्षातून आपण तिघं एकत्र किती वेळा बाहेर पडतो? आपल्याला पाच सीटा कशाला लागतात?"

सासूबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी सूप हलवायचं थांबवलं.

आधी सेडान पाहायची असं ठरलं. लातूरच्या शोरूमचा माणूस रविवारी गाडी घेऊन थेट गावात आला. टाय लावलेला, चाळिशीचा, अतिशय सभ्य. मी स्टिअरिंगवर बसले, तो शेजारी बसला, नवरा आणि आत्याबाई मागं. तेवढ्यात नवऱ्याचे चुलतभाऊ आले आणि "बघू तरी" म्हणत मागं बसले. त्यांच्या मागून त्यांची बायको आली. आत्याबाईंनी नातसुनेला, म्हणजे या चुलतभावांच्या सुनेला, हाक मारली, ती बाळासकट आली. शोरूमच्या माणसानं मान वळवून मोजलं आणि म्हणाला, "काका, ही टेस्ट ड्राइव्ह आहे."

"मग टेस्टच करायलोय," चुलतभाऊ म्हणाले. "माणसं मावत्यात का न्हाय ते बघाया नको?"

माणसं मावली. मग नवऱ्याला पोत्याची आठवण झाली. ज्वारीचं पोतं आणून डिकीत ठेवलं, तेही मावलं. आता पोतं ठेवलंच आहे तर ढोकीला मावशीकडं पोचवून टाकू, असं चुलतभावांच्या बायकोनं सुचवलं. ढोकीत मावशीनं चहा केला. शोरूमच्या माणसानं बाळाला मांडीवर घेतलं, कारण मागं कुणाचाच हात मोकळा होत नव्हता. परतीच्या वाटेवर त्याचा टाय बाळाच्या तोंडात होता. गाडी छान होती, खोटं कशाला बोलू. पण मागून चुलतजाऊबाई म्हणाल्या, "जाऊबाई, तुमची सीट जरा म्होरं सरकवा की," आणि माझ्या मनातली सेडान तिथंच उतरली.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं एसटीनं सोलापूरला गेलो. आत्याबाईंना आणायचं कारण नव्हतं. पण त्या पहाटेच पातळ नेसून दारात बसल्या होत्या. "दोनच सीटा हायत म्हंजे त्यातली एक कुनाची ते बघाया नको?" त्या म्हणाल्या.

डॉक्टर उंच, वाकलेले, सत्तरीच्या पुढचे. गाडी त्यांनी फडक्यानं पुसून अंगणात ठेवली होती. विकायचं कारण त्यांनी आधीच सांगून टाकलं. "मला आत जाता येतं. बाहेर यायला दोन माणसं लागतात."

गाडी इतकी बुटकी होती की छपरावर कोपर टेकवायला मला वाकावं लागलं. नवऱ्यानं नाक मुरडलं. पण आम्ही कुणी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी डावीकडचं दार उघडलं आणि त्या अलगद आत जाऊन बसल्या. त्यांना खुर्ची आवडत नाही, सोफा तर मुळीच नाही, पाय लोंबकळतात म्हणून. इथं त्यांचे पाय सरळ लांब झाले. "भुईवर बसल्यावानी हाय," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून पुढं बघायला लागल्या, म्हणजे आता निघा.

"घेऊन या एक चक्कर," डॉक्टर मला म्हणाले. नवरा आणि ते अंगणात राहिले. दुसरा इलाजच नव्हता.

गल्लीत मी खूष होते. मोठ्या रस्त्याला लागले आणि माझा पाय ब्रेकवर गेला. शेजारून ट्रक चालला होता आणि त्याचं चाक माझ्या डोक्याच्या बरोबरीनं फिरत होतं. मला दिसत होता तो फक्त चाकाचा नट. मागून बस हॉर्न देत होती आणि आरशात तिचं नुसतं बंपर होतं. मला एकच विचार सुचत होता: आमच्या रस्त्यावर हंगामात उसाच्या दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, त्यांच्या ड्रायव्हरला मी दिसेन का? मी घामानं भिजले. गाडी कडेला घेऊन एका झाडाखाली थांबवली.

आत्याबाईंना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, मी बोलायला थांबले. आणि त्या बोलल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण आम्ही दोघीच, मध्ये कुणी नाही, भाकरी नाही, चूल नाही, असं याआधी बसलो होतो का, मला आठवेना.

त्यांचं माहेर जळकोटकडचं, मेंढपाळांचं. "आमचं एक घोडं होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर बिऱ्हाड, कोकरं आन म्या. कोकरं मांडीत धरून बसायची म्या. मग भाऊ झाला. त्यो बसला आन म्या चालाया लागले."

"किती वर्षांच्या होता?"

"कुनी मोजलंय. दात पडत हुते." त्या जरा थांबल्या. "ही गाडी बरी हाय. एकदा बसलं की कुनी उठ म्हनत न्हाय."

मी घाम पुसला. या बाईला आता मी काय सांगणार होते?

दहा मिनिटांची चक्कर तासाची झाली, कारण मी मोठा रस्ता टाळून गल्ल्यागल्ल्यांतून परत आले. अंगणात शिरताना मनात वाक्य जुळवत होते, की अहो, तुमचंच खरं, सेडानच घेऊ. बघते तर नवऱ्याच्या शर्टाच्या बाह्या वर. डॉक्टरांनी गाडीची सगळी कागदं, इंजिनाच्या आकृत्या, सुट्या भागांचे डबे व्हरांड्यात मांडले होते, आणि माझा नवरा त्यांच्या मधोमध मांडी घालून बसलेला. मी उतरायच्या आत तो उठून आला आणि त्यानं बोनेट उघडलं.

"हे बघ," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "इंजिन केवढंसं, बघ तरी. आणि ही मोटर. कसलं डोकं लावलंय. अख्ख्या कारखान्यात एवढं नीटनेटकं काम मी बघितलं नाही."

"अहो, सेडानचं काय?"

"कशाला हव्यात आपल्याला पाच सीटा?"

परतीच्या एसटीत दोघांच्या बाकावर मी आणि आत्याबाई बसलो आणि नवरा तुळजापूरपर्यंत दांडीला धरून उभा राहिला. उभ्या उभ्या त्यानं मला माझीच सगळी वाक्यं ऐकवली. तिघं एकत्र कितीदा बाहेर पडतो. पाहुण्यांना एसटी आहे. मी त्याची वाक्यं त्याला ऐकवली. डिकीत ज्वारीचं पोतं मावतं. आत्याबाईंना दवाखान्यात न्यायचं झालं तर सोबत कोण बसणार.

"म्या एकटी जाईन तिच्यासंगं," आत्याबाई म्हणाल्या.

"आई, मग मी कुठं बसू?"

"तुला मोटरसायकल हाय की."

तरी आठवडाभर तो रोज संध्याकाळी डॉक्टरांना फोन करायचा. सुटे भाग परदेशातून यायला महिने लागतात, हे डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं. नवऱ्याला त्यात अडचण दिसत नव्हती, उलट हुरूप येत होता. "मी लेथवर बनवीन," म्हणायचा.

शेवटी एका दुपारी मी आत्याबाईंपाशी बसले आणि खरं ते सांगितलं. मला त्या गाडीत भीती वाटली. ट्रकचं चाक सांगितलं, नट सांगितला, झाडाखाली का थांबले तेही सांगितलं. वाटलं, त्या रुसतील.

"मग नको," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला आवडली होती ती."

"चालवनार तू. तुला भ्या वाटतं तर कशाला घ्यायची?" त्यांनी सुपातला खडा काढून फेकला. "त्या लांबड्या गाडीत म्होरची सीट माजी. येवढं सांग त्याला."

मी सांगितलं. नवरा त्या रात्री जेवला कमी.

सेडान आली. पहिल्याच महिन्यात चुलतभावांच्या नातवाचं जावळ निघालं, कळंबला जायचं होतं. मी आवरून बाहेर येईपर्यंत गाडीत आठ माणसं, एक पाळणा आणि बुंदीचा डबा बसलेला. पुढं आत्याबाई. मी बसले, बटण दाबलं. हायब्रिड गाडीचा सुरू झाल्यावर आवाजच येत नाही, आणि हे भावकीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत राहिले. मला त्या क्षणी जे सुचलं ते विज्ञानाच्या शिक्षिकेला शोभणारं नव्हतं.

"ओझं जास्त झालं की कॉम्प्युटर गाडी चालू होऊ देत नाही," मी म्हणाले. "पाचच माणसं चालतात."

चुलतभावांनी आधी बायकोकडं पाहिलं, मग ते स्वतः उतरले. त्यांच्यामागं आणखी तिघं. मी पुन्हा बटणाला हात लावल्यासारखं केलं आणि गाडी पुढं घेतली. मागून ते म्हणताना ऐकू आलं, "बघा, हलली. लई हुशार केल्यात गाड्या." माझ्या नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो खिडकीतून बाहेर बघत बसला होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

डॉक्टरांची गाडी विकली गेलीच नाही. आमचे हे दर पंधरा दिवसांनी एसटीनं सोलापूरला जातात आणि ती खोलून जोडतात. डॉक्टरांना गडी मिळाला, ह्यांना गाडी मिळाली, असं मी म्हणते.

दिवाळीच्या सुट्टीआधी ते दोघं त्या गाडीतून आमच्या गावाला यायला निघाले. मी सेडान घेऊन शाळेतून परत येत होते, तर वेशीपाशी गर्दी. गावात शिरतानाचा गतिरोधक आमच्या लोकांनी स्वतःच घातलेला, त्यामुळं तो जवळजवळ बांध आहे. त्या बांधावर ती चंदेरी गाडी पोटावर बसली होती, पुढची चाकं एकीकडं, मागची दुसरीकडं. नवरा बाहेर उभा, कारण पारावर बसलेल्या आत्याबाईंनी गाडी थांबवून त्याला उतरवलं होतं आणि स्वतः बसल्या होत्या. स्टिअरिंगवर डॉक्टर. त्यांना उतरायला दोन माणसं लागतात, म्हणून ते आतच.

"आई, तू तरी उतर," नवरा म्हणत होता. "वजन कमी होईल."

"म्या न्हाय उतरनार," आत्याबाई म्हणाल्या. "उचला."

दहा-बारा जण पुढं आले. चुलतभावांनी मागची बाजू धरली. नवरा कारखान्यात बॉयलरचा पाईप उचलताना जसा ओरडत असेल तसा हळू, हळू म्हणत होता. गाडी डॉक्टर आणि आत्याबाईंसकट वर उचलली गेली. डॉक्टर डोळे मिटून स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. आत्याबाई काचेतून खाली गावाकडं बघत होत्या, आणि त्यांनी मला पाहिलं तेव्हा हातानं खूण केली, की तुझी ती लांबडी जरा मागं घे, आम्हाला जागा दे.

मी रिव्हर्स टाकला आणि मागं सरकले.