रंगूबाईचा चौक

आमच्या भिवंडीच्या कलामंडळाचं प्रदर्शन दरवर्षी भरायचं. कलादालन म्हणजे वाचनालयाचा वरचा मजला. चित्रं तीच ती: मावळता सूर्य, होडी, फुलदाणी. त्यातल्या दोन फुलदाण्या माझ्याच, म्हणून जास्त बोलत नाही. त्र्याहत्तर साली मात्र मी हट्टाला पेटलो. आपल्याकडे लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, तसा एक तरी दालनात हवाच.

ज्याला विचारावं तो कोन गावच्या रंगूबाईचं नाव घेई. तीस वर्षं आसपासच्या लग्नांचे चौक तिने काढलेले. मी सायकल हाणत गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती.

"मास्तर, धनी जाऊन चार वरसं झाली. चौक सवाष्णीनं काढायचा असतो. तुमाला ठाव न्हवतं?"

नव्हतं. लाजेने मान वर होईना. तिची थोरली जाऊ, आक्का, दारात उभी होती. हिनेच चार वर्षांपूर्वी रंगूबाईच्या हातातली पिठाची वाटी काढून घेतली होती, हे मला मागाहून कळलं.

"आमच्याकडे लग्न नाही, देव नाही," मी चाचरत म्हणालो. "नुसती भिंत आहे."

"नुसती भिंत?" रंगूबाईने दोनदा विचारलं. आक्का आत गेली.

प्रदर्शनाच्या सकाळी रंगूबाई आली. हातात पिठाची वाटी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. आम्ही कोपऱ्यातली एक भिंत शेणाने सारवून ठेवली होती. मी फूटपट्टी पुढे केली, तिने पाहिलीही नाही. तिची पहिली रेघ खालून निघाली, वर गेली, वळली आणि सुरुवात झाली होती तिथेच येऊन टेकली. केसाचाही फरक नाही! अकरा वर्षं मी पोरांना भूमिती शिकवत होतो. मी फूटपट्टी हळूच पाठीमागे लपवली. चहा घेत उभे असलेले सभासद कप हातात तसेच धरून राहिले.

रेघेत रेघ, जाळीत जाळी भरत गेली. दुपारी शिफ्ट सुटली तसे लूमवरचे कामगारही वर आले. "क्या हाथ है, अम्मा!" एकजण पुटपुटला आणि दाराबाहेर जाऊन चपला काढून आला. मग सगळ्यांनीच काढल्या. असं आमच्या फुलदाण्यांपुढे कधी झालं नव्हतं.

पण मधली जागा रिकामीच होती. मी कारण विचारलं.

"तितं देवी बसते," ती हळूच म्हणाली. "ती माज्या हातानं यायची न्हाय. तुमी नुसती भिंत म्हनलात, म्हून भवतीचं तेवढं काढलं."

संध्याकाळी आक्का आली, कोनच्या पाच-सहा बाया घेऊन. आता भांडण होणार म्हणून माझा जीव मुठीत. आक्का चौकासमोर उभी राहिली. तिचे ओठ हलत होते.

"माज्या कमळच्या लग्नात असाच होता," ती म्हणाली. मग वाकून खालची वाटी उचलली आणि रंगूबाईच्या हातात दिली. "देवी कवाची उभी हाय, रंगू. बसव तिला."

"आक्का, मी कशी..."

"मीच वाटी घेतली व्हती ना? मीच देते."

रंगूबाईने काडी बुडवली. देवीची पहिली रेघ वाकडी आली, दिवसभरातली पहिलीच वाकडी. ती तिने पुसली नाही.