मला लाकडाचं घर बांधायचं होतं

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो. चहा घ्या, भजी घ्या, पण हसू नका. माझ्या दृष्टीनं ही फार गंभीर बाब आहे. तुम्ही बसलात ते हे घर चिऱ्याचं आहे. ते लाकडाचं का नाही, ते ऐका. असा घोळ वेळणेश्वरपासून खेडपर्यंत आणखी कुणी घातला असेल, तर त्याला माझ्यासमोर आणा. मी त्याच्या पाया पडेन!

शहाऐंशीच्या आसपासची गोष्ट. बोटीवरची नोकरी सोडून मी गावी आलो होतो. परदेशातल्या बंदरांवर लाकडाची घरं बघितलेली, तेव्हापासून डोक्यात एकच खूळ. बांधायचं तर लाकडाचं!

आमची ही, शालन, लग्न झाल्यापासून माझ्या भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत दिवस काढत होती. चूल जावेची, चहाची वेळही जावेची. तिला गवताचं खोपटंही चाललं असतं. "कसलंही बांधा, पण आपलं असू दे," एवढंच म्हणायची.

परड्यातले फणस तोडले. जंगल खात्याची परवानगी रीतसर काढून, बरं का! सुतारानं खांब, तुळया, आढं असं सगळं तासून, रंधा मारून अंगणात रचून ठेवलं. राहिली फक्त ग्रामपंचायतीची परवानगी.

फक्त!

सरपंच म्हणजे आमचे अण्णा. नात्यानं माझे चुलते. वाडीतला एकुलता एक टीव्ही त्यांच्याच ओटीवर, त्यामुळे त्यांच्याशी वाकडं कोण घेणार? भर सभेत ते म्हणाले, "लाकडाचं घर? मेल्या, उद्या ठिणगी पडली तर तुझ्यापाठोपाठ आख्खी वाडी जाईल. चिऱ्याचं बांध, आत्ता सही देतो."

माझं डोकं फिरलं. मी उभाच राहिलो. "अण्णा, लाकूड काय आपणहून पेटतं? त्याला पेटवणारा गाढव लागतो! आणि असला गाढव आपल्या वाडीत नाही."

सगळी सभा हसली. अण्णा हसले नाहीत. अर्ज बाजूला पडला आणि आमचं बोलणं बंद झालं. त्यांच्या दारावरून जाताना मी मुद्दाम समुद्राकडे बघत जायचो.

शिमगा आला. होळीच्या आदल्या दिवशी मी रत्नागिरी गाठली. म्हटलं, अण्णांच्या वर कुणी साहेब असेलच की! होता. त्यानं दुसऱ्या दिवसापर्यंत बसवून ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "तुमच्या सरपंचांना भेटा." एवढं ऐकायला एस.टी.त हाडं खिळखिळी करून घेतली होती मी!

दिवेलागणीला परत उतरलो, तर थांब्यावरच वाडीतली मंडळी. पुढे दत्ता, मुंबईहून शिमग्याला आलेला. आता आमच्याकडची रीत अशी, की होळीचं लाकूड मागून आणायचं नाही, चोरून आणायचं. आणि एकदा ते होळीवर चढलं, की ज्याचं गेलं त्यानं ब्र काढायचा नाही. ते देवाचं झालं.

दत्ता म्हणाला, "काका, अण्णांच्या गोठ्यामागं पेंढ्याखाली लाकडं आहेत. चांगली जाडजूड. पण सरपंचाच्या दारात हात घालणार कोण?"

"मी!"

अहो, हातातली पिशवीसुद्धा घरी ठेवली नाही हो! तशीच दत्ताच्या सायकलला अडकवली आणि निघालो.

गोठ्यामागं अंधार. पेंढा बाजूला केला, तर लाकूड हाताला गुळगुळीत लागलं. मी म्हटलं, "बघ दत्ता! सरपंच झालं की सरपणालासुद्धा रंधा मारून घेतात!"

आम्ही खेपांवर खेपा घातल्या. आढं उचलायला मी पुढे, तोंडानं शिमग्याच्या आरोळ्या. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. लाकूड रचून झालं तेव्हा गावचे मानकरी खूश होऊन म्हणाले, "यंदा एवढं लाकूड तू आणलंस, चूड तूच लाव." झावळ्यांची पेटती चूड माझ्या हातात दिली. मी समोर उभ्या असलेल्या अण्णांच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि लावली.

काय पेटली! लख्ख उजेड पडला. त्या उजेडात मधला एक खांब दिसला. त्याच्यावर हळदीकुंकवाचा हात उमटलेला. सुतारानं काम संपवलं त्या दिवशी पूजा करून शालननं उमटवलेला.

"अगो शालन, हे तर आपलं लाकूड!"

गर्दीतून ती पुढे आली. आगीकडे बघतच राहिली. "पोरं होळीला नेतील म्हणून मीच सकाळी गडी लावून अण्णांकडे ठेवलं. म्हटलं, सरपंचांच्या दारातून न्यायला कोण धजणार? तुम्ही असतात तर ठेवू दिलं नसतंत."

मी आगीकडे धावलो. मानकऱ्यांनी दंड धरला. "मागं घ्यायचं नाही. देवाचं झालं ते."

अण्णा जवळ आले. खिशातून कागद काढला. "सूनबाईनं एवढ्या विश्वासानं लाकूड माझ्याकडे आणलं, मग मीही पंचांची समजूत घातली. वाडीपासून अंतर सोडून बांधायचं, एवढीच अट. म्हटलं, आज होळीपुढं सगळ्यांदेखत द्यावी."

लाकडाच्या घराची परवानगी! माझ्याच लाकडाच्या उजेडात वाचली मी ती.

शालनकडे बघायची छाती होईना. ती डोळे पुसत होती. मला खरंच वाटलं, आता ही माहेरची वाट धरणार. पण तिनं नाक ओढलं, पदर सावरला आणि अण्णांकडे वळली.

"मामंजी, ह्यांचं सभेतलं म्हणणं खरं होतं. लाकूड आपणहून पेटत नाही. आणि पेटवणारा गाढव वाडीत नव्हताच." मग माझ्या हातातल्या चुडीकडे बघत म्हणाली, "फक्त तो रत्नागिरीला गेला होता."