सोळाव्या आठवड्याची फळी

पहिल्याच दिवशी गुंडूमामांनी मला नाकावरचा रुमाल काढायला लावला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात मी शरीररचना शिकवायला रुजू झाले होते. विभागाच्या संग्रहालयात फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले गर्भ काचेच्या बरण्यांत ओळीनं मांडलेले असत आणि तो वास असा घशात उतरायचा की सकाळचा चहा वर यायचा. मला शिसारी आली. मुरगूडहून रोज एसटीनं येणारे तिथले शिपाई, म्हणजे गुंडूमामा, एक बरणी पुसत होते. मागं न बघताच म्हणाले, "रुमाल काढा बाई. तुमी बी यवढ्याच हुतासा की. तवा तुमच्या आईनं नाक धरलं न्हवतं."

सातवी शिकलेला माणूस, पण गर्भाची वाढ त्यांना तोंडपाठ. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं पुस्तकं मिटून त्यांच्याकडे यायची. "ह्यो चौथा आठवडा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. काळीज हलाय लागलंय आन् मागं शेपूट हाय. ती फुडं जाती. काहींची जात न्हाय, त्यास्नी आपण निवडून देतो." मुलं हसायची. मामा हसायचे नाहीत, पुढच्या बरणीकडे सरकायचे. "सहाव्याला हात उलथन्यागत. आठव्याला बोटं सुटी झाली, डोळं-कान समदं जाग्यावर. फुडं नुसतं वाढायचं. आन् पोरगा का पोरगी, ते बारावा आठवडा आल्याबिगर दिसत न्हाय. तवर समदी सारखीच. तीन म्हैनं झाकून ठेवलंय, त्येला काय तरी कारण आसंल की."

पूर्वी बरणी क्वचित यायची, आपसूक पडलेल्या गर्भाची, आणि कुठल्याही आठवड्याची. पुढे शहरातल्या एका खासगी दवाखान्याच्या डॉक्टरनं कॉलेजला 'देणगी' द्यायला सुरुवात केली. लोणच्याच्या असतात तसल्या प्लॅस्टिकच्या बरण्या, दोरीनं बांधलेल्या, दर आठवड्याला. आमचे विभागप्रमुख खूश, कारण चौथ्या महिन्याची रिकामी फळी भरून गेली. एके दिवशी मामांनी मला त्या फळीपुढं उभं केलं.

"बाई, हितं समद्या पोरीच कशा? आन् समद्या पंधरा-सोळा आठवड्याच्याच? आपसूक पडणाऱ्याला यवढं मोजमाप कुठनं ठावं?"

मला माहीत होतं. सगळ्या विभागाला माहीत होतं. त्या दवाखान्याच्या दारावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी लाल अक्षरांत पाटी होती, आणि गावातल्या बायका एकमेकींना पत्ता सांगताना त्याच पाटीची खूण सांगायच्या. मी म्हणाले, "मामा, बरण्या लावायच्या एवढंच आपलं काम." ते माझ्यासमोर फरशीवर थुंकले. मग स्वतःच फडकं आणून त्यांनी ती जागा पुसली.

त्याच वर्षी मला दुसऱ्या खेपेला दिवस राहिले. पहिली मुलगी होती. सासूबाई म्हणाल्या, "एक पोरगी हाय की घरात. आता बगून घ्यायला काय हुतंय?" नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढलं नाही. गर्भाचा आठवडा न् आठवडा मुलांना शिकवणारी मी, त्या लाल पाटीखालून आत गेले. डॉक्टर कशाचंच नाव घेत नसे. पडद्याकडे बघून तो सासूबाईंना एवढंच म्हणाला, "परवा उपाशीपोटी घेऊन या." कुणी मला फरफटत नेलं असतं तर आज तसं सांगता तरी आलं असतं. मी रिक्षात बसून गेले, रिक्षावाल्याला वळणही मीच दाखवलं. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती, आणि ती अजून गेलेली नाही.

टायफॉइडची म्हणून घेतलेली रजा संपवून मी कामावर गेले, तर टेबलावर नवी बरणी. लांबी मोजून आठवडा ठरवायचं काम माझं. मी पट्टी लावली. सोळा. मुलगी. ती माझीच होती असं मी म्हणू शकत नाही, त्या दवाखान्यात अशा किती व्हायच्या कुणास ठाऊक. पण माझी नव्हती, असंही म्हणता येत नाही. मी बेसिनपाशी जाऊन ओकले.

मामा दारात उभे होते. "टायफाड न्हवता," ते म्हणाले. पुढे येऊन त्यांनी बरणी उचलली. "ही फळीवर जायाची न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती अख्खी फळी रिकामी होती. मामांनी स्वतःच विभागप्रमुखांना सांगितलं, "मातीत घातल्या. बरण्या धुऊन ठेवल्यात." कॉलेजची मालमत्ता नाहीशी केली म्हणून चौकशी बसली. त्या डॉक्टरची नव्हे, मामांची. नमुने रीतसर आले होते का, असं मला विचारलं गेलं. मी 'होय' लिहिलं आणि खाली सही केली. 'नाही' लिहिलं असतं तर मीही त्या दवाखान्यात गेल्याचं बाहेर आलं असतं. मामांची शवागारात बदली झाली. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच राहिले. वाटेत भेटले तर बाजूला होऊन मला जायला जागा द्यायचे, बोलायचे मात्र नाहीत.

काही वर्षांनी ते फार आजारी असल्याचं कळलं, म्हणून मी मुरगूडला गेले. खाटेवर हाडांचा सापळा उरला होता. सुनेनं चहा आणून ठेवला. ती आत गेल्यावर मी विचारलं, "मामा, कुठं पुरल्या त्या?"

"कशाला?"

"एकदा जाऊन यावंसं वाटतं."

"जाशिला. तितं बसून रडशिला. आन् उठताना हलकं वाटंल तुमास्नी." त्यांना धाप लागली. ती ओसरल्यावर म्हणाले, "ते व्हायाय नगं. च्या प्या, गार हुतोय."

पंधरा दिवसांनी ते गेले. मी पुन्हा मुरगूडला गेले आणि त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं. मामांनी ती जागा घरातही कुणाला सांगितलेली नव्हती.