पाण्यासाठी वाक्य

शहाजीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये वेंकटरमणच्या दुकानात इडलीचं पीठ वाटायचं त्याचं काम. उडीद आधी, तांदूळ मागून, पाणी बेताबेताने. कामातली कसूर त्याला खपत नसे, कुणाचीच.

त्याची मुलगी सुष्मिता आठ वर्षांची झाली तरी दोन शब्दांपुढे जात नव्हती. कान ठीक, समजही ठीक. वाक्य मात्र जुळत नसे. घरात तंजावरची मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. २००४ साली शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "घरातली मराठी बंद करा."

वेंकटरमण हसला. "तीन पीठं एका भांड्यात कालवलीस. नासणारच की!"

शहाजीने नियम घातला. इंग्रजीत पूर्ण वाक्य म्हटल्याशिवाय पोरीला पाणी नाही. त्याला स्वतःला मोजकीच वाक्यं यायची. तीच घोकून घेई. पोर तांब्याकडे बोट दाखवी. तो तांब्या उचलून वरच्या फळीवर ठेवी.

त्याची आई अन्नपूर्णाबाई तिला चोरून पाणी पाजायची, मराठीत गोष्टी सांगायची.

"लेकराशी नको, तर काय भिंतीशी बोलू?"

"भिंतीशीच बोल. भिंतीला परीक्षा नसते."

त्याने आईला तंजावरला आपल्या भावाकडे नेऊन सोडलं.

पुढे सुष्मिताने पाणी मागणंच टाकलं. नळाला तोंड लावून प्यायची. शाळेने तिला काढलं. तेव्हा कुठे तो तिला वाचा-उपचाराच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या ऋजुताबाई पुण्याच्या. त्यांनी मुलीला मराठीत तपासलं, सोबतच्या बाईंनी तमिळमध्ये.

"अडचण दोन्ही भाषांत सारखीच आहे," ऋजुताबाई म्हणाल्या. "जन्मापासूनची. मराठीमुळे झालेली नाही. मोठेपणीही ती थोडीफार राहील. शब्द आधी तुम्ही द्यायचे असतात. तुम्ही ते वसूल करत बसलात."

"मेहनत घेतली मी, बाई."

"घेतलीत. उलटी."

तो तंजावरला गेला. "चल आई. तिच्याशी बोल."

"मज बोलायची सवय गेली रे," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "तूच बोलणं तोडलंस, तूच बोल." ती जागची उठली नाही.

शहाजीने संध्याकाळचीही पाळी धरली. दर शनिवारी तासभर ऋजुताबाई मुलीआधी त्यालाच शिकवत: पोर जे करील त्याला साध्या मराठीत नाव द्यायचं, थांबायचं, बदल्यात काही मागायचं नाही. पोर पाठ फिरवून बसे. तो पाठीशी बोलत राही. त्या दिवसाच्या दोन्ही पाळ्यांची मजुरी त्या एका तासाच्या फीत जाई.