वडिवळ्याचा कोरडा जुलै

“त्या जुलैत आमच्या गावात पाऊसच झाला न्हाई, तर मॅडम, माझं खाचर कशानं वाहून गेलं?”

२०२४च्या उन्हाळ्यात वडिवळ्याच्या विहाराच्या ओट्यावर बसून भागुबाई ओव्हाळ यांनी मला हा प्रश्न विचारला तेव्हा मी एका शोधनिबंधाची प्रत घेऊन त्यांच्याकडे गेले होते. निबंधात त्यांच्या गावाचे नाव होते. मी महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि पर्जन्यछायेवर तासभर बोलू शकते. भागुबाईंचा प्रश्न मात्र मी वहीत लिहून घेतला.

भागुबाईंचा जन्म धर्मांतरानंतर चार-पाच वर्षांनी झाला. त्यांच्या सासऱ्यांनी ओढ्याकाठची जमीन फोडून भाताची दोन खाचरे काढली होती. वरचे लहान, खालचे मोठे. दरवर्षी उन्हाळ्यात बांध लिंपायचा, पावसात चिखलणी करून इंद्रायणी भाताची लावणी करायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा क्रम. पती गेल्यावर मुलगा पवन चाकणच्या कारखान्यात लागला, शेत भागुबाईंकडे राहिले. विहाराची किल्लीही त्यांच्याकडेच असते. अंगण झाडणे, बुद्धपौर्णिमेला भिंतींना रंग देऊन घेणे, कोणी पाहुणा आला की पाणी देणे, हे त्या कोणी न सांगता करतात.

किल्ली त्यांच्याकडे म्हणूनच २०२१च्या उन्हाळ्यात स्वयंचलित पर्जन्यमापक विहाराच्या अंगणात आला. एका संस्थेची गाडी आली, माणसांनी खांब रोवला, त्यावर वरून उघडे असलेले नळकांडे बसवले, शेजारी एक बंद पेटी, वर सौरपट्टी. नळकांड्यातला पाऊस आतल्या छोट्या वाटीत साचतो, वाटी भरली की कलते, आणि प्रत्येक कलण्याचा आकडा पेटीतून दूरच्या संगणकाला जातो. यातले काहीही भागुबाईंना सांगितले गेले नाही. सांगितले गेले ते एवढेच : यंत्र महाग आहे, पेटीत पाणी जाऊ देऊ नका, वरच्या पट्टीला ऊन लागू द्या.

मावळात पावसाच्या तोंडावर काय करतात ते या भागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला प्लॅस्टिकचा कागद बांधतात, सरपण झाकतात, मोटारसायकलीवर गोणपाट आणि त्यावर कागद घालतात. जे झाकले नाही ते सप्टेंबरपर्यंत कुजते. भागुबाईंनी जूनमध्ये घराला निळा कागद बांधला, विहाराच्या खिडक्यांना बांधला आणि उरलेल्यातून यंत्रालाही बांधला. नळकांडे आणि पेटी दोन्ही नीट गुंडाळून सुतळीने आवळली. सौरपट्टी तेवढी उघडी ठेवली, कारण तिला ऊन लागते हे त्यांच्या लक्षात होते. कापणी झाल्यावर त्या कागद सोडत आणि घडी करून ठेवत. पुढच्या जूनमध्ये पुन्हा.

सौरपट्टी उघडी असल्यामुळे यंत्र जिवंत राहिले. पावसाळाभर ते न चुकता शून्य पाठवत राहिले.

२०२३च्या जुलैत ओढा फुटला. खालच्या खाचराचा बांध गेला, नुकतीच केलेली लावणी गेली आणि तिच्या जागी गोटे येऊन बसले. भागुबाईंनी नुकसानीचा अर्ज केला. अर्जावर शेरा आला की संबंधित स्थानकावर त्या महिन्यात पावसाची नोंद नाही, सबब अतिवृष्टी सिद्ध होत नाही.

जुलैतल्या मावळात पावसाची नोंद नाही! हे वाक्य वाचून एखाद्या तरी टेबलावर कोणी थबकायला हवे होते. आडव्या पावसात भिजत कार्यालयात पोचलेल्या एखाद्या माणसाने ओल्या बाहीकडे पाहायला हवे होते. कोणी पाहिले नाही. उलट त्या शून्यावर संशोधन झाले. मी घेऊन गेलेल्या शोधनिबंधात वडिवळ्याचा परिसर ‘स्थानिक पर्जन्यछायेचा कोपरा’ ठरला होता. मे महिन्यातल्या वळवाच्या नोंदी तिथे होत्या, कारण तेव्हा कागद बांधलेला नसे. त्यावरून निबंधकारांनी निष्कर्ष काढला की या कोपऱ्यात पाऊस मोसमातून उन्हाळ्याकडे सरकत आहे. दिशा सांगितली, वेग सांगितला. गावाला भेट दिल्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

देशोदेशीची सरकारे हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय व्यासपीठाला ठरावीक काळाने अहवाल देतात. त्यात संशोधन आणि निरीक्षणव्यवस्था यांचे एक प्रकरण असते. आपल्याकडे त्यासाठी सिद्ध झालेल्या एका पुरवणीत वडिवळ्याचे स्थानक ‘कार्यरत’ या रकान्यात होते, त्याच्यापुढे ‘लोकसहभागातून देखभाल’ असे कौतुकाने लिहिलेले होते, आणि संशोधनाच्या यादीत तो निबंध. जगाला आपण सांगितले की आमची इतकी स्थानके इतके आकडे पाठवतात. स्थानकाकडे कोणी डोळ्यांनी पाहिले का, हा रकाना त्या नमुन्यात नाही. नसलेल्या रकान्याचा राग कोणावर काढायचा, हे मला अजून कळलेले नाही. म्हणून तो मी सगळ्यांवर काढते.

२०२४च्या जुलैत मी त्या संस्थेच्या अभियंत्याला, तळेगावच्या चिंतामणी यांना, आग्रहाने वडिवळ्याला घेऊन गेले. यंत्र त्यांनीच बसवले होते. अंगणात पाऊल टाकताच ते थांबले. निळ्या कागदावर पाऊस ताडताड वाजत होता.

“मावशी, हे काय आहे?”

“कागद हाय.”

“पण बांधलाय कशाला?”

“आता बगा! पाऊस लागंल न्हवं का यंत्राला.”

ओट्यावर शेजारचे रखमाजी बसले होते. वय ऐंशीच्या घरात. त्यांना आधी कळले आणि हसता हसता ठसका लागला. “भागे, पाऊस मोजायच्या यंत्राला तू छत्री दिलीस व्हय गं?”

“आन तीन वरसं तुमी हितंच बसून काय बगत व्हता, आबा? सुतळी कुणी आणून दिली?”

रखमाजींचे हसू थांबले.

“मावशी, मी म्हणालो होतो, पेटीत पाणी जाऊ देऊ नका. पेटीत!” चिंतामणी म्हणाले.

“वरचं भांडं उघडं. त्यातलं पानी खाली पेटीतच जानार, आसं वाटलं मला. त्ये भांडं कशाचं, ह्ये सांगितलं व्हतं का तुमी?”

“त्या दिवशी अजून चार गावं करायची होती,” ते हळू आवाजात म्हणाले.

भागुबाई यंत्राजवळ गेल्या. “म्हंजी माझा पाऊस म्याच झाकला,” त्या म्हणाल्या, आणि विळ्याने सुतळी कापली.

माझ्या मते गोष्ट इथे सुधारायला हवी होती. चूक कळली होती, कारण कळले होते, साक्षीदार होते. भागुबाई, चिंतामणी आणि मी अर्ज घेऊन नुकसानभरपाईच्या कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकाने भागुबाईंचा जबाब घेतला.

“यंत्र झाकल्याचं मान्य आहे?”

“हाय. लिवा. आन त्या जुलैत लय पाऊस झाला, खाचर गेलं, त्येबी लिवा.”

“पावसाचं तुमच्या जबाबात घेता येत नाही. ते यंत्र सांगतं.”

“यंत्र झाकल्यालं व्हतं, त्ये आत्ता तुमीच लिवलं की!”

“ते यंत्राविषयी झालं, मावशी. पाऊस हा वेगळा विषय आहे.”

चिंतामणींनी मध्ये बोलायचा प्रयत्न केला, त्यांना संस्थेचे पत्र आणायला सांगण्यात आले. मी भागुबाईंना सही करू नका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा रागानेच पाहिले. “झाकलं त्ये खरं हाय, मॅडम. खऱ्याखाली सही कराया मला कसली भीती?” त्यांनी सही केली.

त्या सहीचा उपयोग झाला, तो असा. उपकरणात हस्तक्षेप केल्याबद्दल भागुबाईंना समज देणारी नोटीस आली. स्थानकाची देखभाल त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. नुकसानीचा अर्ज मूळ नोंदीच्या आधारे दुसऱ्यांदा फेटाळला गेला. संस्थेने पत्र दिले नाही. मला कळवले की २०२३ची नोंद गुणवत्ता-तपासणीत उत्तीर्ण झालेली आहे, कारण ती २०२२च्या नोंदीशी सुसंगत आहे. शिवाय अहवाल सादर झालेला असल्याने तो कालखंड आता अंतिम समजला जातो. एका झाकलेल्या वर्षाने दुसऱ्या झाकलेल्या वर्षाची साक्ष दिली, आणि ती ग्राह्य धरली गेली. ओढ्याकाठी पडलेले गोटे कोणी ग्राह्य धरले नाहीत. जिच्या हातून चूक झाली ती एकटी खरे बोलली, आणि शिक्षा झाली तीही तिलाच. निबंधकारांना मी दोनदा लिहिले. त्यांचे उत्तर आलेले नाही.

पवनने सुट्टीच्या दिवशी गोटे उचलायला घेतले होते. मोठे त्याला एकट्याला हलेनात.

२०२५च्या खरिपात भागुबाईंच्या खालच्या खाचरात लावणी झाली नाही.