पुढं म्हणणारं कुणी नव्हतं तेव्हा

सुमन, इकडं ये, जवळ बस. ती पिशवी आधी खाली ठेव. परवा लग्नात भेटलीस ती मांडवाच्या दाराशी उभ्या उभ्या, आणि "मावशी, सासूबाईंना दुपारचं औषध द्यायचंय" म्हणत सटाण्याच्या गाडीला पळालीस. असं करतात का बाई? जाता जाता वर काय म्हणालीस, तर "मी आता वंदनेला बसतच नाही. बसले तरी तोंडातून शब्द निघत नाही." हे उभ्यानं सांगायचं बोलणं आहे का? त्याला बसावं लागतं, चहा निवेपर्यंत बोलावं लागतं. तू बसली नाहीस म्हणून मला हे कागदावर लिहावं लागतंय. माझं अक्षर तुला माहीत आहे. मी शाळा पाहिली नाही, पोरांच्या पाट्यांवर गिरवून शिकले. तेव्हा चुका काढू नकोस, नुसतं ऐक.

तुझे काका आजारी पडले तेव्हा तू परकरात होतीस. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. नाशिकरोडला आमची कॉलनी, दोन खोल्या, समोर पत्र्याचं विहार. काका कारखान्यात फिटर होते, पण कॉलनीत त्यांना ओळखायचे ते आवाजावरून. रविवारी नि पौर्णिमेला विहारात वंदना तेच सांगायचे. ते पुढं म्हणायचे, सगळे मागून म्हणायचे. घरीही तसंच. आपण धम्म घेतला तेव्हा मी नवी नवरी होते, अक्षरओळख नव्हती. रोज दिवेलागणीला कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायची, त्यांनी एक ओळ म्हणायची, ती संपली की मी म्हणायची. इतकी वर्षं असंच चाललं. विहिरीवर एकीची कळशी वर आली की दुसरीची खाली जाते ना, तसं. त्यांची ओळ संपायच्या आत माझ्या तोंडात आपसूक यायची. पण पुढची ओळ कोणती, असं मला मधेच कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कधी विचार करावाच लागला नाही.

मग एका सकाळी ते चहाचा कप उचलायला गेले आणि कप हातातून सुटला. उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचा गेली. अंगाचं मी समजू शकले, पण तो आवाज गेला हे मला कितीतरी दिवस खरंच वाटेना. आंघोळ घालायची, कूस बदलायची, भरवायचं, चादरी धुवायच्या, परत भरवायचं. तुला हे सांगायला नको, तू आता तेच करतेस. कमरेत कळ यायची, पण खरा थकवा कमरेतला नसतो. माणूस समोर असून घर रिकामं वाटतं, तो थकवा वेगळा. झोपून उठलं तरी तो उशाशी बसलेलाच असतो.

विहारातले एक गृहस्थ एकदा आले. चांगल्या मनानं आले होते. म्हणाले, "वहिनी, मी म्हणतो वंदना, त्यांना बरं वाटेल." त्यांनी सुरुवात केली आणि तुझ्या काकांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. डोळ्यातून पाणी उशीवर. मी घाबरले. मला वाटलं, जे शब्द त्यांचे होते ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं त्यांना सहन होत नाही. म्हणून मी कोनाड्यातली मेणबत्तीच लावायची बंद केली. त्यांना त्रास नको म्हणून, मायेनंच. मीही एकटी म्हणेना. खरं सांगायचं तर एकटीनं वंदना म्हणता येते हेच माझ्या डोक्यात नव्हतं. पुढं म्हणणारं कुणी नाही तर मागून काय म्हणायचं? दिवेलागणीला हात जोडले जायचे, मी सवयीनं थांबायची, आवाज यायचा नाही, मग उठून भांडी घासायची.

त्यानंतर काकांनी भिंतीकडचं तोंड वळवलंच नाही म्हण. जेवण कमी होत गेलं. चमचा ओठाशी नेला की दात घट्ट. डॉक्टर म्हणाले, "औषध आमच्या हातात आहे बाई, पण पेशंटनं मनावर घेतलं पाहिजे. असं न जेवता किती दिवस निघणार?" मी मान हलवली. घरी येऊन पेज केली. ती पेजही तशीच राहिली.

अशात आमच्या महिला मंडळानं लेण्यांची सहल काढली. सकाळी जायचं, दुपारी परत. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात, पण आमचे साळवे गुरुजी रागवायचे, त्रिरश्मी म्हणा म्हणायचे. गुरुजीच माहिती सांगणार होते. मी नाही म्हटलं. तर शेजारची शांताबाई दारात येऊन उभी. तिचं तोंड तुला माहीत आहे. म्हणाली, "तू येणारेस. नायतर त्यांच्या खाटंशेजारी तुझी खाट टाकावी लागंल, आणि दोघांना भरवायला मला यावं लागंल. माझ्या हातची पेज तू खाशील का?" माझा अशोक म्हणाला, "आई, जा. रविवार आहे, मी बसतो दादांजवळ." मी गेले, पण श्रद्धेनं गेले असं समजू नकोस. अर्धा दिवस मला कुणी उठवणार नाही, एवढ्याच लोभानं गेले.

आग्रा रोडला बसनं उतरवलं. वर डोंगर, झाडीतून चढत जाणाऱ्या पायऱ्या. गुरुजी पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे, गळ्यात शिट्टी होती. ते शिट्टी वाजवत पुढं आणि आम्ही बायका पदर खोचून मागं. मला निम्म्यातच धाप लागली. कशीबशी वर पोचले तर गुरुजी एका मोठ्या लेण्यापुढं माहिती सांगत होते. ओसरीखाली दगडात कोरलेले बुटके गडी आहेत, सगळ्या लेण्याचा भार खांद्यावर घेतलेले. "हे गण," गुरुजी म्हणाले, "शेकडो वर्षं भार वाहतायत."

शांताबाई म्हणाली, "आणि यांच्या बायका कुठंयत, गुरुजी?"

"शांताबाई, हा इतिहास आहे."

"तेच इचारते. बायका आत असतील, डबल भार घेऊन. त्यांना कोण कोरतंय."

सगळ्या हसल्या, गुरुजीही हसले. मी त्या दगडी गड्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मला हसू येईना. त्यांच्या पाठीवर हात ठेवून, बाबांनो, थोडं टेका म्हणावं असं वाटलं. शिट्टी वाजली, मंडळी पुढं निघाली. मी शांताबाईला म्हटलं, "तू जा, मी येते सावकाश." तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. पाण्याची बाटली तेवढी माझ्या हातात दिली.

पुढं चैत्य आहे. आत दोन्ही बाजूंना खांबांची रांग, शेवटी दगडी स्तूप. मी पोचले तोवर आमच्या बायका बघून पुढं गेल्या होत्या. आत गार होतं. एका खांबाला पाठ लावून बसले आणि सुमन, तुला सांगते, त्या दगडाला टेकल्यावर मला कळलं की कितीतरी महिन्यांत मी कशालाच टेकले नव्हते. तिथं मला वंदना म्हणायची होती. हात जोडले. नेहमीसारखी थांबले. काही आलं नाही. मनात म्हटलं, इथंही नाही, म्हणजे आता संपलं. रडूही आलं नाही, एवढी मी दमले होते.

तेवढ्यात दारातून एक म्हातारी आत आली. पांढरी साडी, पांढरं पोलकं, पायात मोजे, धापा टाकत. सिलोनच्या यात्रेकरूंची मोठी बस त्या दिवशी आली होती, त्यांच्यातली ती. तिचेही लोक पुढं गेले असावेत. मी बाटली पुढं केली. ती पाणी प्याली, माझ्या शेजारी बसली, आणि तिनं तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. मी आपल्या मराठीत सांगितलं, मालक आजारी आहेत म्हणून. कुणाला काही कळलं नाही. दोघींनी माना हलवल्या. मग तिनं स्तूपाकडं तोंड करून हात जोडले आणि डोळे मिटले. मला बरं वाटलं. म्हटलं, ही पुढं म्हणेल, मी मागून म्हणेन. मीही हात जोडून डोळे मिटले.

मी थांबले. ती काही म्हणेना. बराच वेळ झाला. मी हळूच एक डोळा उघडला, तर तीही एक डोळा उघडून माझ्याकडं बघत होती. तीसुद्धा वाटच बघत होती गं. तिकडंही तसंच असणार, भंतेजींनी पुढं म्हणायचं आणि हिनं मागून. जन्मभर दोघीही मागच्या ओळीतल्या. तिच्या तोंडाचं बोळकं हसलं, आणि तिनं हनुवटीनं मला खूण केली, तू म्हण.

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं पुन्हा तीच खूण केली आणि माझ्या जोडलेल्या हातांवर तिचा हात ठेवला. गरम होता. तो काढेचना. माझ्या घशातून जे निघालं ते गाणं नव्हतं नि म्हणणं नव्हतं, दार करकरतं तसा आवाज होता. "बुद्धं सरणं गच्छामि." मी थांबले. आणि ती म्हातारी मागून म्हणाली, तेच शब्द, जरा वेगळ्या चालीत. तिच्यामागून त्या लेण्यानं म्हटलं. तिथं आवाज घुमतो, गुरुजींनी नंतर सांगितलं. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मला एवढंच ऐकू आलं की मी म्हटलं आणि कुणीतरी माझ्या मागून म्हणतंय. पुढची ओळ तोंडात होती. तीही आली. त्याच्या पुढची आली. कुठून येत होती मला ठाऊक नाही, मी आणत नव्हते.

झाल्यावर तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. बाहेर तिच्या लोकांनी हाका मारल्या, ती गेली. तिचं नाव मी विचारलं नाही, विचारलं असतं तरी कसं विचारणार. इकडून गुरुजींची शिट्टी वाजली.

संध्याकाळी घरी मी कोनाडा पुसला आणि मेणबत्ती लावली. अशोक म्हणाला, "आई, दादांना त्रास होईल." मी म्हटलं, होऊ दे, बघू. तुझे काका भिंतीकडं तोंड करूनच होते. मी खाटेशेजारी खाली बसले आणि सुरू केलं. आवाज तसाच, करकरता. पहिल्या वेळचं नीट म्हटलं. त्याच्यानंतर दुतियम्पि म्हणायचं असतं, दुसऱ्या वेळचं. मी गोंधळले आणि एकदम तिसऱ्या वेळचं, ततियम्पि म्हणायला लागले.

खाटेवरून घुर्र असा आवाज आला. मी वर पाहिलं. काकांनी तोंड इकडं वळवलं होतं. डावा हात वर केला होता आणि दोन बोटं मला दाखवत होते. कपाळावर आठी, विहारात कुणी चुकलं की पडायची तीच. ओठ हलले. "दु," म्हणाले. मग पुन्हा, "दु." अशोक दारात उभा होता, तो खालीच बसला. मी दुतियम्पि म्हटलं. त्यांनी हात खाली घेतला आणि सगळं होईपर्यंत माझ्याकडं बघत राहिले. शेवटच्या ओळीला त्यांच्या तोंडून "मि" एवढं निघालं, माझ्या मागून. मी पेज आणली. चमचा ओठाशी नेला, दात उघडले.

शांताबाईला दुसऱ्या दिवशी सांगितलं तर पदराला डोळे पुसत म्हणाली, "बघ, पुरुषाची जात. बायकोची चूक काढायची म्हटल्यावर वाचा फुटली." डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, पाठ असलेलं वेगळ्या जागी राहतं. असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, तुझ्याशीही घालणार नाही. काका पुढं काही वर्षं जगले. बोलणं फारसं आलं नाही, पण वंदनेत निम्मे शब्द यायचे, आणि चुकले की बोटं वर. विहारातले ते गृहस्थ आले त्या दिवशी काका का रडले होते, ते मला नंतर उमगलं. वंदना बाहेरच्या माणसानं येऊन म्हणावी लागतेय, घरातून कुणीच म्हणत नाही, याचं ते रडू होतं. मी मेणबत्ती बंद केली आणि त्यांनी जेवण बंद केलं. दोघं एकमेकांची वाट बघत होतो, त्या लेण्यातल्या आम्हा दोघींसारखे.

मी तेव्हापासून एक समजून आहे. पुढं म्हणणारा कुणी मोठा नसतो, तोही कुणाच्या तरी मागूनच म्हणत असतो. सरणं म्हणजे टेकणं. आपला आवाज चांगला नाही, मन लागत नाही, आपण दमलोय, हे सगळं घेऊनच टेकायचं. दगडाला टेकताना आपण कुठं विचारतो, मी चालेन का म्हणून? तुझ्या सासूबाईंच्या खाटेशी बसून एक ओळ म्हण. चुकलीस तर चुकलीस. कोण कुठून बोट वर करील सांगता येत नाही.

आणि आता ये गं एकदा. सासूबाईंजवळ तुझ्या नणंदेला बसव, सकाळच्या गाडीनं निघ, संध्याकाळी परत जा. कांदे आणू नकोस, अजून मागचेच पडलेत. माझा हल्ली दम पुरत नाही, मधल्या ओळीला श्वास तुटतो आणि सुनेला गडबड असते. लवकर ये. तू पुढं म्हण, मी मागून म्हणेन.