भांगेच्या ठेक्यावरचा नकार

त्या बाईंची तक्रार मी आजही विसरलेलो नाही. दिल्लीच्या मयूर विहार भागात मी सब-इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एक बाई ठाण्यात आल्या. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचून हिंदी सोडून मराठीत म्हणाल्या, "साहेब, माझ्या मिस्टरांना गांजाचं व्यसन लागलंय. पकडा त्यांना. पण नोकरी जायला नको, प्लीज. मुलीचं कॉलेज चालू आहे."

म्हणजे धरायचं, पण सांभाळून धरायचं. अशी खबर अख्ख्या नोकरीत मला एकदाच मिळाली. गृहस्थ केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबन ठरलेलं.

त्यांच्याकडे दोन पुड्या सापडल्या. पंचनामा झाला. कुठून आणल्या विचारल्यावर म्हणाले, "बॉर्डरपलीकडच्या भांगेच्या ठेक्यावरून, साहेब. बिल्कुल खरं सांगतो. सकाळी नऊला उघडतो." खोटं बोलणारा न विचारलेलंही सांगतो. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण नाही आली.

उत्तर प्रदेशात पानांची भांग परवान्याने विकतात, त्या दुकानाला ठेका म्हणतात. त्याच झाडाच्या फुलांचा गांजा मात्र गुन्हा. तिथल्या ठाण्याला कळवून, रोजनाम्यात नोंद करून मी गेलो, तो ठेकेदाराला चोर ठरवूनच.

ठेकेदार म्हातारा होता. मी दाखवलेला गृहस्थांचा फोटो त्याने पाहिला आणि लगेच ओळखला.

"दो साल एक गोली लेते थे। फिर दो माँगी, फिर तीन। मैंने देना ही बंद कर दिया।"

"धंदा नहीं जाता?"

"जाता है, साहब। आदमी जाने से तो अच्छा है।" मग समोर बोट दाखवून म्हणाला, "यहाँ से लौटाए हुए लोग उस स्कूटर स्टँड पर जाते हैं।"

स्टँडवाला हेल्मेटच्या अस्तरात पुड्या ठेवायचा. तिथल्या ठाण्याने त्याला मुद्देमालासह धरलं. माल थोडा आणि माणूस स्वतःहून उपचाराला तयार, तर खटल्यातून सूट मिळू शकते. गृहस्थांनी तसा अर्ज दिला. कोठडी टळली, नोकरी वाचली.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. उपचारानंतर काही महिन्यांनी ते पुन्हा ठेक्यावर गेले. आता फक्त एकच गोळी, तीही कायद्याची, असा विचार. म्हातारा म्हणाला, "आपके लिए एक भी ज़्यादा है।" यांनी चिडून विचारलं, "और तुम कितनी लेते हो?"

"मैंने कभी चखी नहीं। लड्डू का डिब्बा खुले तो खाली करके उठता हूँ। अपने को जानता हूँ।"

गृहस्थ थेट घरी आले आणि बायकोला सगळं सांगून मोकळे झाले.

हल्ली दिल्लीतल्याच द्वारकेत आमच्या सोसायटीच्या बाकावर निवृत्त मंडळी वाद घालतात, गांजा कायदेशीर केला तर व्यसन कमी होईल का? मला पोलीस म्हणून छातीठोक उत्तर हवं असतं त्यांना. ते माझ्याकडे नाही. परवाना दिला तर लपवाछपवी कमी होईल, हे मी मानतो. पण आपलं प्रमाण ओळखणारा, आणि दुसऱ्याचं ओळखून गल्ल्यावर पाणी सोडणारा माणूस परवान्याबरोबर मिळत नाही. मला तो भेटला, हे माझं भाग्य. त्या प्रकरणात प्रशस्तिपत्र मला मिळालं, याची अजून लाज वाटते.

आणि एक गोष्ट त्या मंडळींना मी नेहमी सांगतो. म्हाताऱ्याच्या पहिल्या नकाराने ते गृहस्थ गांजाकडे वळले होते. दुसऱ्या नकाराने घरी गेले, कारण तेव्हा समोरच्या स्टँडवर हो म्हणणारा कुणी उरला नव्हता.